उजव्या हाताला बसलेला

मार्च सरत आला, रस्त्यावरच्या बर्फाचा नुसता चिखल झाला, तेव्हा सोरोनकुल म्हातारा एकदाचा डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झाला. तयार झाला म्हणजे काय, मिनीबसमध्ये बसून नारीन शहरापर्यंत शिव्या देत गेला. ड्रायव्हरला दिल्या, रस्त्याला दिल्या, आणि शेजारी बसलेल्या बायकोला तर वर्षभर पुरतील एवढ्या दिल्या.

"मरायला टेकलेल्या माणसाचा डोळा नीट करून त्याला काय स्वतःचा खड्डा बघायचाय?"

"खड्डा नको बघूस," झूरा म्हणाली. "पोराचं तोंड बघ."

पोराचं, एर्मेकचं, नाव निघालं की म्हाताऱ्याची जीभ टाळ्याला चिकटायची. एकुलता एक पोरगा, मॉस्कोला इमारतींवर विटा चढवत होता. उन्हाळ्यात येतो म्हणाला होता. म्हाताऱ्यानं त्याचं तोंड नीट पाहिल्याला काही वर्षं झाली होती. गेल्या हिवाळ्यात पोरगा येऊन गेला, पण तेव्हा याच्या डोळ्यांना तो नुसता एक काळा ठिपका दिसला, आवाज तेवढा पोराचा.

आमच्या खोऱ्यात म्हाताऱ्यांचे डोळे असेच जातात. जन्मभर मेंढरांमागं फिरायचं, बर्फावरून उलटं येणारं ऊन डोळ्यांत घ्यायचं, संध्याकाळी शेणाच्या धुरात बसायचं. मग एक दिवस बुबुळावर साय धरते. सोरोनकुलचा उजवा डोळा पार पिकला होता. त्यातून ऊन आणि सावली एवढंच कळायचं. डावा निम्माशिम्मा. माणूस समोर आला की धुक्यात उभा असल्यासारखा दिसायचा.

त्या डोळ्यांमुळंच हिवाळ्यात ते घडलं होतं.

एर्मेक आला म्हणून मेंढा कापला होता. शेजारपाजारचे जमले होते. आमच्यात मेंढ्याचं डोकं घरातल्या थोरल्यापुढं ठेवतात. त्यातला एक डोळा त्यानं खायचा, आणि दुसरा अशा माणसाला द्यायचा की जो पुन्हापुन्हा भेटावा असं वाटतं. एका डोक्याचे दोन डोळे ज्यांच्या पोटात गेले, ती माणसं एकमेकांना दिसत राहतात. कुणी हसेल. हसू दे. आमच्यात असंच आहे.

म्हाताऱ्यानं एर्मेकला मुद्दाम उजव्या हाताला बसवलं होतं. सुरीनं डोळा काढला, उजवीकडं हात लांब केला आणि म्हणाला, "घे रे बाबा. खा, आणि येत जा."

एका हातानं तो डोळा घेतला. बोटं गार होती. म्हाताऱ्याला वाटलं, पोरगा मघाशी बाहेर गेला होता, लाकडं आणली असतील. मग चघळल्याचा आवाज आला. म्हाताऱ्याला बरं वाटलं. त्यानं आपल्या वाट्याचा डोळा खाल्ला.

तेवढ्यात दार उघडलं आणि एर्मेक लाकडांचा भारा घेऊन आत आला.

"माझा वाटा कुठाय?" त्यानं विचारलं.

"दिला की आत्ता तुला!"

"मला? मी तर बाहेर होतो, बाबा."

सगळे हसले. कुणी म्हणालं मांजरानं नेला, कुणी म्हणालं म्हाताऱ्यानं दोन्ही गिळले. झूरानं गालिचा झटकला, गाद्या उचलून पाहिल्या. डोळा काही सापडला नाही. मांजर चुलीपाशी गाढ झोपलं होतं. आठवड्यानं पोरगा झूरानं शिवून दिलेला कोट घालून मॉस्कोला परत गेला, आणि लोक ती गोष्ट विसरले. म्हातारा विसरला नाही. त्याच्या बोटांना तो गारठा आठवत होता.

नारीनच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव साल्कीन. वयानं तरणी, पण हात जुन्या माणसाचा. तिनं म्हाताऱ्याच्या डोळ्यात बत्ती टाकून पाहिलं आणि आमच्यात थोरल्यांना मारतात ती हाक मारून सांगितलं, "अक्साकल, डोळ्यात एक भिंग असतं. लहानपणी पाण्यासारखं स्वच्छ असतं. तुमचं उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं झालंय. ते काढायचं आणि तिथं नवं बसवायचं."

"नवं कुणाचं? मेलेल्याचं?"

"कुणाचं नाही. कारखान्यात होतं."

"मग ठीक आहे. मेलेल्याच्या डोळ्यानं बघायची हौस नाही मला."

डॉक्टरीण हसली. झूरा हसली नाही.

टेबलावर झोपवून त्याच्या तोंडावर कापड टाकलं, उजव्या डोळ्यापुरतं भोक ठेवून. थेंब घातले, सुई टोचली, डोळा बधिर झाला. दुखत काही नव्हतं. वर नुसता उजेड होता, दुधात दिवा बुडवल्यासारखा, आणि त्यात काहीतरी हलत होतं. पाणी सुटल्याचा आवाज. स्पिरिटचा वास. मग कुठूनतरी दुसरा वास आला. उकडलेल्या मटणाचा. आणि उजव्या कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी काहीतरी चिवट चघळत होतं. सावकाश.

"नर्सबाई," म्हातारा कापडाखालून पुटपुटला, "माणसाचा डोळा फाडताना खाता काय तुम्ही?"

"बोलू नका, अक्साकल, डोळा हलेल. आणि कोण खातंय? सगळ्यांच्या तोंडाला फडकी आहेत."

त्याच वेळी जुनं भिंग निघालं. दुधातला दिवा फुटला आणि त्याची किरणं सगळीकडं पसरली. म्हाताऱ्याला वाटलं, आपण ओरडलो. पण ओरडला नसावा. कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली.

पहिल्यांदा दिसला तो निळा रंग. खिडकीबाहेरचं आभाळ इतकं निळं, की म्हाताऱ्याला वाटलं कुणीतरी रंग दिलाय. मग भिंत दिसली, भिंतीवरची माशी दिसली, माशीचे पाय दिसले. मग झूरा.

"तू एवढी म्हातारी कधी झालीस गं?"

"तुझ्याशी लग्न झालं त्याच दिवशी," झूरा म्हणाली, आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसायला लागली.

म्हाताऱ्यानं डोकं फिरवून खोली पाहिली. उजव्या हाताला बाकावर आणखी एक पेशंट बसला होता. पाठमोरा म्हणावा असा, अर्धा वळलेला. जुना जाडा कोट, पांढरी कल्पाक टोपी डोळ्यांवर ओढलेली. कोटाच्या खांद्यांवर बर्फ होता. खोलीत शेगडी धगधगत होती, तरी तो बर्फ वितळत नव्हता. टोपीखाली जबडा तेवढा दिसत होता आणि तो हलत होता. चघळत होता.

"यांचा कुठला डोळा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"कुणाचा?" झूरानं बाकाकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. "तिथं कुणी नाहीये, म्हाताऱ्या."

त्यानं उजवा डोळा झाकला. डाव्याच्या धुक्यात झूरा दिसली, अंधुक, काळी. बाक रिकामा. उजवा उघडला. बाकावर तो होता.

परतताना मिनीबसमध्येही तो होता, उजव्या हाताच्या सीटवर. एका बाईनं त्याच सीटवर आपलं गाठोडं ठेवलं. ते गाठोडं त्याच्या मांडीतून खाली गेलं आणि तो चघळत राहिला.

घरी आल्यावर गालिच्यावर, उजव्या हाताला, तिथंच. जवळ येत नव्हता, बोलत नव्हता, त्रास म्हणाल तर काही नाही. नुसता बसायचा. पण सकाळी चहाला तो, दुपारी पावाला तो. म्हाताऱ्याला घास जाईना. त्याचं तोंड बघावं तर वाकून टोपीखाली बघायला हवं, आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धुरात बसायचं नाही. एकदा तरीही म्हातारा वाकायला गेला. त्या बसलेल्यानं सावकाश मान आणखी वळवली. नको म्हणाल्यासारखी.

तपासणीला गेला तेव्हा म्हाताऱ्यानं डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं. तिनं नीट ऐकून घेतलं, ही तिची चांगली खोड.

"पुष्कळ दिवस बंद असलेला डोळा उघडला, की मेंदू गोंधळतो, अक्साकल. नसलेलं दिसतं. जाईल हळूहळू."

"मेंदू चघळतो का?"

तिनं डाव्या डोळ्यात बत्ती टाकली. मग ती म्हणाली, "डावा डोळाही पिकत चाललाय. लवकर या. फार पिकला की आतून फुगतो, दुखतो, मग हाती काही लागत नाही. तोही करून टाकू."

"एका डोळ्यानं एक आणून बसवलाय," म्हातारा म्हणाला. "दुसऱ्यानं आणखी कुणाला आणू?"

आणि तो गेला नाही. झूरानं विनवण्या केल्या, भांडून पाहिलं, दोन दिवस चूल पेटवली नाही. तो जागचा हलला नाही. डावा डोळा त्याला हवा होता, तसाच, धुक्याचा. कारण त्या धुक्यात तो बसलेला दिसत नसे. कोण जिवंत, कोण तो, हे पारखायला म्हाताऱ्याजवळ तेवढीच एक खूण होती. उजवा झाकायचा. डाव्याला जो काळा ठिपका दिसेल, तो खरा माणूस.

मे महिन्यात एर्मेकचा फोन आला, जूनमध्ये येतो. जूनमध्ये फोन आला, मुकादमानं कागद अडवलेत, जुलैत येतो. म्हाताऱ्यानं फोन झूराच्या हातात दिला आणि उजवीकडं पाहिलं. त्याला वाटलं, जबडा आता जरा जोरात हलतोय.

मग कळप घेऊन ती दोघं वरच्या कुरणावर आली. लोकरीच्या नमद्याचं गोल घर उभं केलं, तर त्यात उजव्या हाताला तो आधीच बसलेला.

"मला कळलंय हे काय आहे ते," एका सकाळी घोडीचं दूध काढता काढता झूरा म्हणाली. आवाज अगदी खाली आणला होता तिनं. "त्या दिवशी तू डोळा दिलास... आणि म्हणालास, येत जा. कुणाला म्हणालास ते तुला दिसत नव्हतं. ज्यानं घेतला तो येतोय. एर्मेकच्या वाट्याचं भेटणं तू त्याला देऊन टाकलंस, म्हाताऱ्या. म्हणून पोराचं येणं होत नाही."

म्हाताऱ्यानं दुधाची बादली बाजूला सरकवली.

"मग?"

"मग काय. पोरगा आला की पुन्हा मेंढा कापायचा. या वेळी तुझा डोळा चांगला आहे. नीट बघून, त्याच्याच हातावर ठेव."

जुलैत एर्मेकचा फोन आला. तिकीट काढलं, शनिवारी दुपारपर्यंत कुरणावर पोचतो. कुरणावर फोन कुठंही लागत नाही, घरामागच्या टेकाडावर तेवढा लागतो. झूरा तिथून धावतच खाली आली, या वयात.

शनिवारी सकाळी मेंढा कापला. बाहेर चुलीवर कढई चढली. आदल्या दिवसापासून म्हाताऱ्याच्या डाव्या डोळ्याला ठणका लागला होता, आणि आता त्यात धुकंही राहिलं नव्हतं. नुसतं दूध. हात समोर धरला तरी पांढरंच. डॉक्टरीणबाई म्हणाली होती तसं झालं होतं. पण आज त्याला त्याची पर्वा नव्हती. कारण सकाळी उठून त्यानं उजवीकडं पाहिलं, तर जागा रिकामी होती.

त्यानं पुन्हापुन्हा पाहिलं. गालिचा होता, उशी होती. तो नव्हता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"गेला," तो स्वतःशी म्हणाला. "पोरगा येतोय म्हटल्यावर गेला, हरामखोर." आणि त्यानं जुनी टोपी काढून नवी कल्पाक डोक्यावर चढवली.

दुपारी दाराचा पडदा उचलला गेला. उन्हाचा एक पट्टा आत पडला आणि त्यात एर्मेक उभा राहिला.

केवढं स्वच्छ दिसत होतं सगळं! भुवईवरची लहानपणची खूण, घोड्यावरून पडला होता ती. ओठाशी आलेले पांढरे केस. पापण्या. प्रत्येक पापणी वेगळी.

"बाबा," तो म्हणाला.

"ये. ये बाबा. इथं बस, उजव्या हाताला."

तो बसला. म्हाताऱ्यानं बाहेर हाक मारली, "म्हातारे! आला गं! डोकं आण आधी, रडणं मागाहून!"

झूराचे हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. तिनं पडद्याखालून डोक्याचं ताट आत सरकवलं, डोळे धुरानं आणि रडण्यानं मिटलेले. "आलास का रे माझ्या राजा... थांब, हात धुते. मामाला फोन करून येते, तो खाली गावात वाट बघतोय. आलेच!" आणि ती टेकाडाकडं धावली.

म्हाताऱ्यानं थांबायला हवं होतं. पण कुणी तिसरा मध्ये येऊन बसायच्या आत त्याला हे उरकायचं होतं. सवयीनं त्यानं उजवा डोळा झाकला. डाव्यात पांढरं दूध. तिथं कुणी असलं काय, नसलं काय, सारखंच पांढरं. त्यानं पुन्हा उजवा उघडला. समोर पोराचं तोंड होतं. एवढं लख्ख दिसत असताना आणखी काय पारखायचं?

त्यानं सुरीनं डोळा काढला आणि पोराच्या तळहातावर ठेवला. या वेळी बघून ठेवला.

"खा. आणि आता कुठं जाऊ नकोस."

"नाही जात," एर्मेक म्हणाला.

बोटं गार होती. वरच्या कुरणावर वारा असतो, म्हाताऱ्याला वाटलं, घोड्यावरून आलाय पोरगा. त्यानं आपला डोळा तोंडात टाकला. शेजारी चघळल्याचा आवाज सुरू झाला. सावकाश. चिवट काहीतरी चघळल्यासारखा.

म्हाताऱ्याचा घास तोंडातच राहिला.

तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्यानं उजवीकडं मान वळवायला फार वेळ लावला. पोराचंच तोंड होतं. पण खांद्यांवर, कोटाच्या शिवणीवर, काहीतरी पांढरं होतं. पीठ असेल... झूराच्या हाताचं. पण झूरा तर आत आलीच नव्हती. म्हाताऱ्यानं बोट लावून पाहिलं. बर्फ होता. जुलैच्या उन्हात, आणि त्याच्या बोटावरही तो वितळेना.

"एर्मेक..." तो हळूच म्हणाला.

चघळणं थांबलं. घोट गिळल्याचा आवाज आला. एवढ्या महिन्यांत तो पहिल्यांदा गिळत होता.

तेवढ्यात टेकाडावरून झूराच्या पळण्याचा आवाज आला. ती रडत होती, पण मघासारखी नाही. पडद्याबाहेरच तिला धाप लागली. टेकाड सोडलं की फोन बंद पडतो, तरी तो तिनं कानाला तसाच दाबून धरला होता.

"म्हाताऱ्या... एर्मेकचा फोन आला होता. मॉस्कोहून. मी म्हटलं, थट्टा करू नकोस, तू तर आत बसलायस... तो म्हणाला, आई, मी निघालोच नाही. कालचं विमान चुकलं, तुमचा फोन लागेना. आज विमानतळावर जायला उठलो आणि... मला काही दिसत नाहीये, म्हणाला. आत्ता, या घडीला. दोन्ही डोळ्यांना सगळं पांढरं झालंय, म्हणाला... दूध भरल्यासारखं..."

ती पडदा उचलून आत आली. म्हाताऱ्यानं उजवा डोळा गच्च मिटून घेतला. आता सगळीकडं नुसतं पांढरं होतं, आणि त्या पांढऱ्यात त्याच्या कानाशी कुणीतरी शांतपणे श्वास घेत होतं.

झूराचं रडणं एकदम थांबलं. मग, घरात आलेल्या परक्या माणसाशी बोलतात तसं, डोक्यावरचा रुमाल सावरून तिनं विचारलं,

"हे पाहुणे कोण? आणि यांच्या अंगात आपल्या एर्मेकचा कोट कसा?"